आगोटीची खरेदी: कुठे जास्त पैसे मोजायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा?

मे महिना अर्धा सरला की महाडच्या बाजारपेठेत आणि बिरवाडीच्या रस्त्याला निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या टांगलेल्या दिसायला लागतात. छत्र्या, गमबूट, सुकी मासळी, कांदे, मसाल्याच्या मिरच्या. वरंध, पोलादपूर आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं आगोट भरायला बाजारात उतरतात. आणि प्रत्येक दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यापेक्षा स्वस्तातलं दाखवा ना!"

हे वाक्य चुकीचं नाही. पैसा कष्टाचा आहे, जपूनच खर्च करायला हवा. पण स्वस्त म्हणजे नेमकं किती स्वस्त, हे आपण दुकानात उभं राहून ठरवतो. खरा हिशोब मात्र ऑगस्टमध्ये लागतो. व्हिडिओत वेळ कमी असल्यामुळे आकडे पटापट सांगितले होते. इथे सावकाश बघू. कागद-पेन घेऊन बसा. छोटा धंदा असेल तर जास्तच लक्ष द्या, कारण घरात वस्तू मोडली तर गैरसोय होते. धंद्यात मोडली तर गल्ला बंद होतो.

वरंधचं गणित पुण्याला लागू पडत नाही

आपल्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्याला गेलात तर तिथे वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर. म्हणजे जी छत्री पुण्यात तीन वर्षं टिकली, तिला इथे एकाच हंगामात त्याहून जास्त पाणी झेलावं लागतं. वर घाटातला वारा वेगळा. त्यामुळे "माझ्या पुण्याच्या भावाने हीच घेतलीय, मस्त चाललीय" हा सल्ला आपल्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट, वस्तू बदलणं इथे सोपं नाही. वरंधहून महाडला जाऊन यायचं म्हणजे एसटीच्या वेळा धरून अर्धा दिवस गेला. लावणीच्या दिवसांत हा अर्धा दिवस कुणाकडे आहे? घाटरस्ता तर अलीकडे पावसाळ्यात दरड कोसळण्याच्या भीतीने बऱ्याचदा बंदच ठेवतात. जुलै २०२१ आपण कुणीच विसरलेलो नाही. २२ तारखेला तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, महाड शहरात पुराचं पाणी शिरलं, वीज आणि फोन बंद पडले. चांगली वस्तू घेऊन असं संकट टळत नाही, तसा दावा मी करणारही नाही. पण अशा दिवसांत घरातली टॉर्च लागते की नाही, ताडपत्री धड आहे की फाटकी, एवढं तरी आधीपासून आपल्या हातात असतं. तेव्हा दुकान गाठून दुसरी आणता येत नाही.

आधी सूत्र समजून घ्या

वस्तूवर लिहिलेली किंमत म्हणजे फक्त आजचा भाव. आपल्याला काढायचा आहे पावसाळ्याचा भाव. तो असा काढायचा:

किंमत + दुरुस्ती + मोडल्यामुळे झालेला खोळंबा. या बेरजेला ती वस्तू जितके पावसाळे टिकली त्या आकड्याने भागा.

यातली तिसरी गोष्ट, खोळंबा, आपण कधीच धरत नाही. बुडालेली मजुरी, बंद राहिलेली टपरी, भिजलेला माल, दवाखान्याचा खर्च, बाजारात जायचं एसटी भाडं. स्वस्त वस्तू महाग पडते ती बहुतेक वेळा इथेच.

मग जास्त पैसे कुठे मोजायचे? स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. ही वस्तू मोडली तर तिच्याबरोबर आणखी काय बिघडतं?
२. वर्षातून किती दिवस ती हातात असते?
३. मोडली तर नवी आणायला किती वेळ आणि किती पैसे जातात?
४. ती दुरुस्त होते का, आणि सुटे भाग महाडमध्ये मिळतात का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं "खूप" अशी आली आणि चौथ्याचं "हो" आलं, तर जास्त पैसे मोजा. उत्तरं "काही नाही, क्वचित, लगेच मिळते" अशी असतील, तर स्वस्तातली बिनधास्त घ्या. आता एकेक वस्तू बघू.

ताडपत्री: बोलणं ऐकू नका, वजन करा

पेंढा, सरपण, दुकानाची पडवी, टपरीचं छप्पर. ताडपत्रीशिवाय आपला पावसाळा जात नाही. आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

ताडपत्रीची जाडी जीएसएममध्ये सांगतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. दुकानदार म्हणतो, "दोनशे जीएसएम आहे, डोळे झाकून न्या." डोळे झाकू नका, काट्यावर ठेवा. १८ फूट बाय २४ फूट ताडपत्री म्हणजे ४३२ चौरस फूट, म्हणजे साधारण ४० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर तिचं वजन आठ किलोच्या आसपास भरायला हवं. काट्यावर चार किलो आलं तर ती शंभर जीएसएमची आहे, पिशवीवर काहीही छापलेलं असू दे. मापही टेपने मोजून घ्या. वीस फूट म्हणून दिलेली ताडपत्री घरी आणून मोजली की साडेअठरा फूट निघते, असे प्रकार होतात.

वजनानंतर कडा बघा. कड दुमडून आत दोरी घातलेली आहे का? रिंगा ॲल्युमिनियमच्या आहेत का, आणि दर तीनेक फुटांवर आहेत का? वाऱ्याने ताडपत्री मधून क्वचित फाटते, ती रिंगेपासून फाटत जाते. तिसरी गोष्ट, ती यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का ते विचारा. ताडपत्रीचा खरा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. एप्रिल-मेच्या उन्हात साधं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि जूनच्या पहिल्या वाऱ्याला चिरतं. या ताडपत्र्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ७९०३. मालावर तो आकडा आणि आयएसआय चिन्ह असेल तर उत्तम.

आता हिशोब. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून बघा. समजा हलकी ताडपत्री ९०० रुपयांना आहे आणि एक पावसाळा जाते. जड ताडपत्री २,००० रुपयांना आहे आणि तीन पावसाळे जाते. हलकीचा पावसाळ्याचा भाव ९०० रुपये, जडीचा ६६७. तीन वर्षांत ७०० रुपये वाचले. आणि हलकी ताडपत्री जुलैत मध्येच फाटून खालचा पेंढा कुजला, तर तो खर्च वेगळाच. गुरांना खायला काय घालणार?

एक सूचना. जड ताडपत्री घेतली तर तिला जपायलाही हवं. दिवाळीनंतर धुऊन, पूर्ण वाळवून, घडी करून सावलीत आणि उंदरांपासून लांब ठेवा. वर्षभर छपरावर तशीच राहू दिली तर तिचेही तीन पावसाळे होणार नाहीत.

पाय आणि अंग: गमबूट, रेनकोट, छत्री

लावणीच्या चिखलात अनवाणी किंवा फाटक्या गमबुटात उभं राहणं म्हणजे फक्त पाय ओले होणं नाही. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या चिरेतून, जखमेतून अंगात शिरतात. कोकणात दर पावसाळ्यात याचे रुग्ण असतात. वर काटे आहेत, जनावराची भीती आहे. म्हणून गमबूट ही पहिल्या प्रश्नातली वस्तू आहे.

घेताना तळवा हाताने वाकवून बघा. वाकवल्यावर पांढरी रेघ उमटली, बारीक चिरा दिसल्या तर तो माल जुना किंवा हलका आहे. तळाच्या खाचा खोल हव्यात. तळवा आणि वरचा भाग जिथे जुळतो तिथे बोट फिरवा, पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरतं. मोज्यांसकट घालून दुकानात चार पावलं चाला. आणि धंदा किंवा शेती करणाऱ्या बाईसाठी "घरात आहे तोच वापर" असं म्हणून पुरुषाच्या मापाचा गमबूट देऊ नका. सैल गमबूट चिखलात रुतून बसतो आणि माणूस पडतो.

रेनकोटमध्ये बाहेरचा रंग बघण्यापेक्षा तो उलटा करा आणि आतली शिवण बघा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तरच पाणी थांबतं. नुसते टाके असतील तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. महाडच्या एमआयडीसीत पाळीला दुचाकीवरून जाणाऱ्यांनी जॅकेट आणि पँट असा जोड घ्यावा, चेनवर झाकणपट्टी असलेला. रोज आठ तास ओल्या कपड्यांत उभं राहून काम केलं तर महिन्यातून दोन खाडे नक्की. त्या दोन दिवसांच्या पगारात चांगला रेनकोट येतो.

छत्रीचं थोडक्यात सांगतो. तीन घड्यांची छत्री पर्समध्ये मावते, पण तिला सांधे जास्त आणि वारा पहिला सांध्यावरच घाव घालतो. घाटाखालच्या गावात लांब दांड्याची छत्रीच बरी. काडी मोडली तर बाजारातल्या छत्री दुरुस्तीवाल्याकडे बदलून मिळते. समजा ५०० रुपयांची छत्री, चार वर्षांत दोनदा ४० रुपयांची दुरुस्ती, म्हणजे ५८० भागिले चार, १४५ रुपये वर्षाला. १८० ची छत्री दरवर्षी एक घेण्यापेक्षा हे स्वस्तच आहे. मात्र तुम्ही दर दोन महिन्यांनी छत्री एसटीत विसरत असाल, तर १८० चीच घ्या. हेही गणितच आहे.

जिथे स्वस्त हा शब्दच काढायचा नाही

काही वस्तूंमध्ये पावसाळ्याचा भाव काढत बसू नका, कारण तिथे खोळंबा म्हणजे जीव.

वायर आणि बोर्ड: पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पडवीतला बोर्ड भिजतो. वायर आयएसआय चिन्हाची आणि तांब्याचीच घ्या, तिचं मानक आयएस ६९४. स्वस्त वायरीत कधी तांब्याचा फक्त मुलामा असतो. टोक तासून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. आणि घर असो की दुकान, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. अर्थिंग नीट असेल तर माणसाचा हात लागायच्या आधीच तोडतो. त्यावर एक टेस्ट बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. दुकानात फ्रीज, वजनकाटा, मिक्सर चालतो आणि बाहेर ग्राहक ओल्या हाताने काउंटरला टेकून उभा असतो, हे विसरू नका.

हेल्मेट: १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे. मानक आयएस ४१५१. रस्त्याच्या कडेला मिळणारं टोपीसारखं हेल्मेट पोलिसांसाठी असतं, डोक्यासाठी नसतं.

टायर: खाचांच्या आत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदला. ओल्या घाटरस्त्यावर "अजून महिनाभर चालेल" हे बोलायचं धाडस करू नका.

गॅसची नळी: नारिंगी सुरक्षा नळी, आयएसआय चिन्हाची, पाच वर्षांच्या आत बदलायची. नळीवर साल छापलेलं असतं. आज घरी गेल्यावर आधी ते वाचा.

आयएसआय चिन्ह खरं की खोटं हे कसं ओळखायचं? चिन्हाखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप मोबाईलवर घ्या, त्यात तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

धंद्याची अवजारं: वापराचे दिवस मोजा

आता टपरी, खानावळ, घरगुती उद्योगवाले मित्र. सगळ्यात जास्त जळणारी वस्तू म्हणजे मिक्सर. घरगुती मिक्सरच्या तळाशी किंवा माहितीपत्रकात तो सलग किती मिनिटं चालवायचा आणि मग किती थांबायचं हे लिहिलेलं असतं. तो घरच्या वाटणासाठी बनवलेला आहे. टपरीवर चटणीसाठी सकाळपासून चालवला की मोटर जळते. आणि बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत लिहिलेलं असतं की धंद्यासाठी वापरला तर वॉरंटी नाही.

समजा घरगुती मिक्सर ३,००० चा. दर हंगामात एकदा मोटर भरायला १,००० रुपये आणि दोन दिवसांच्या खोळंब्याचे १,६००. तीन वर्षांत झाले ३,००० अधिक ७,८००, म्हणजे १०,८००. धंद्याचा दणकट मिक्सर समजा ७,५०० चा, वर्षाला ३०० ची देखभाल. तीन वर्षांत ८,४००. सरळ २,४०० रुपयांचा फरक.

पण थांबा. वाघजाईजवळ घाटात टपरी लावत असाल आणि घाट बंद राहिल्यामुळे हंगामात जेमतेम चाळीस दिवस धंदा होत असेल, तर हे गणित उलटतं. वापरच कमी, मग महागडं यंत्र धूळ खात बसणार. तिथे चटणी पहाटे घरी थोडी थोडी वाटून नेणं शहाणपणाचं. शिवथरघळीच्या वाटेवर किंवा बिरवाडीत बारमाही खानावळ असेल तर दणकट मिक्सर घ्या. वस्तू तीच, गाव जवळजवळ तेच, उत्तर वेगळं. म्हणून दुसऱ्याचं बघून खरेदी करू नका.

पंख्याचंही असंच. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दुकानात रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस चालला तर साधारण १६० युनिट वाचतात. युनिट ८ रुपये धरा, १,२०० रुपयांहून जास्त झाले. जास्तीची किंमत वर्ष-सव्वा वर्षात वसूल. पण पाहुण्यांच्या खोलीत, जिथे पंखा वर्षातून दहा दिवस फिरतो, तिथे साधा पंखाच ठेवा.

आणि दर्जा म्हणजे मोठी कंपनीच, असंही नाही. आपल्याकडच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाचा बनवलेला कोयता चकचकीत पाकिटातल्या कोयत्यापेक्षा जास्त वर्षं जातो. धार गेली तर तोच लोहार लावून देतो. चौथा प्रश्न आठवा: दुरुस्त होते का?

खाण्याच्या आगोटीत पाणी विकत घेऊ नका

सुका बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे. भाव कमी दिसला की आपण दोन किलो जास्त घेतो. पण नीट न वाळलेल्या मासळीत पाणी असतं आणि ते पाणी आपण मासळीच्या भावाने विकत घेतो. समजा ओलसर जवळा ३०० रुपये किलो आणि खडखडीत वाळलेला ३६० रुपये. ओलसर जवळा घरी आणून उन्हात टाकला आणि किलोचा पाऊण किलो झाला, तर त्याचा खरा भाव ४०० रुपये पडला. वर जुलैत बुरशी आली तर सगळाच फेकायचा.

हातात घेऊन बघा. दमट, चिकट लागतोय का? मूठ दाबून सोडल्यावर जवळा मोकळा होतो का? मीठ पांढरं पांढरं चिकटलेलं असेल तर ते झाडून वजन करायला सांगा. आणि चांगला माल आणून ओल धरणाऱ्या डब्यात भरू नका. घट्ट झाकणाचा डबा हा आगोटीचाच भाग आहे, तिथे पन्नास रुपये वाचवू नका.

कुठे हात आखडता घ्यायचा

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असंही होऊ नये. महाग ते चांगलंच, हा समजही तितकाच खड्ड्यात घालतो.

औषधं: तोच घटक, तेवढीच मात्रा असलेलं जेनेरिक औषध जनऔषधी केंद्रात बरंच कमी किमतीत मिळतं. डॉक्टरांना विचारा आणि घ्या.

साखर, मीठ यांसारख्या गोष्टी: नुसत्या पाकिटाच्या रंगासाठी जास्त पैसे देऊ नका.

वाढत्या मुलांचे कपडे: सहा महिन्यांत आखूड होणार. दप्तर मात्र चांगल्या शिवणीचं घ्या, पुस्तकं भिजली तर खर्च जास्त.

वर्षातून एकदा लागणारी यंत्रं: ड्रिल, पंप, मोठी शिडी विकत घेऊ नका. भाड्याने आणा किंवा वाडीत चार जणांत मिळून एक ठेवा.

"सर, पटतंय हो, पण एकदम पैसे कुठून आणू?"

हाच खरा प्रश्न आहे आणि तो टाळून सल्ला देणं सोपं असतं. टेरी प्रॅचेट नावाच्या इंग्रजी लेखकाने १९९३ च्या एका कादंबरीत हेच बुटांच्या उदाहरणाने मांडलंय. ज्याच्याकडे पैसे आहेत तो एकदाच महाग बूट घेतो आणि दहा वर्षं वापरतो. ज्याच्याकडे नाहीत तो दर हंगामाला स्वस्त बूट घेतो, दहा वर्षांत दुप्पट पैसे घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच. म्हणजे गरिबी स्वतःच महाग असते. हे इंग्लंडमध्ये खरं आहे आणि वरंधमध्येही.

यातून बाहेर पडायला तीन वाटा सांगतो.

पहिली, एका वर्षी एकच वस्तू. सगळं एकदम बदलायला जाऊ नका. यंदा आरसीसीबी आणि गमबूट, पुढच्या वर्षी ताडपत्री. ज्याच्या मोडण्याने सगळ्यात जास्त नुकसान, ते आधी.

दुसरी, आगोटीचा डबा. दिवाळीनंतर रोज १५ रुपये टाका. मेच्या मध्यापर्यंत सहा महिने, म्हणजे साधारण २,७०० रुपये. ही रक्कम मोठी नाही, पण मे महिन्यात हातात रोख असली की दुकानदारासमोर तुमचा आवाज बदलतो.

तिसरी, बचत गट किंवा भिशी. मगाचच्या ताडपत्रीसाठी १,१०० रुपये कमी पडतायत. गटातून महिना दोन टक्क्यांनी चार महिन्यांसाठी घेतले तर व्याज ८८ रुपये. तीन वर्षांत वाचणार ७०० रुपये. सरळ फायदा. पण हेच पैसे महिना दहा टक्क्यांनी घेतले आणि वर्षभर फेडले नाहीत, तर व्याजच १,३२० रुपये. म्हणजे चांगली ताडपत्री स्वस्त ताडपत्रीपेक्षा महाग पडली. तसं असेल तर यंदा हलकीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. चांगली वस्तू महागड्या कर्जाने घेतली की तिचा चांगुलपणा सावकाराच्या खिशात जातो.

दुकानदार मित्रांनो, आता तुमची बाजू

तुम्ही म्हणाल, "गिऱ्हाईकच स्वस्त मागतं, मी काय करू?" जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लेख लिहून याचं कारण दाखवलं. ग्राहकाला चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल, तर तो चांगल्याचेही जास्त पैसे द्यायला तयार होत नाही. मग चांगला माल ठेवणारा तोट्यात जातो आणि बाजारात वाईटच माल उरतो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्यासाठी धडा सोपा आहे: ग्राहकाला ओळखायला शिकवा, तो पैसे देईल.

दुकानात दोन्ही प्रकारचा माल ठेवा आणि काटा समोर ठेवा. बोलणं असं हवं:

"काकी, ही नऊशेची, ही दोन हजाराची. दोन्ही काट्यावर बघा. ही चार किलो, ही आठ किलो. पेंढ्यावर घालायची का?"

"हो रे, पण दोन हजार म्हणजे जास्तच की!"

"मग असं करा काकी. लाकडावर घालायला ही हलकी न्या, लहान मापाची. पेंढ्यावर मात्र जड घाला. बिल देतो. रिंगा निघाल्या तर घेऊन या, मी बसवून देईन."

बघा, यात महाग वस्तू गळ्यात मारली नाही. काकींची गरज विचारली. गावात दुकान चालतं ते ओळखीवर. एका पावसाळ्यात फाटलेल्या ताडपत्रीची गोष्ट सगळ्या वाडीला कळते, आणि टिकलेल्या ताडपत्रीचीही.

बिल मात्र द्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि ग्राहकांनो, बिल मागायला लाजू नका. बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसता शब्द. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

या आठवड्याचं काम

वहीचं एक पान घ्या. गेल्या पावसाळ्यात घरात आणि दुकानात काय काय मोडलं, फाटलं, जळलं ते लिहा. समोर तीन रकाने करा: वस्तूची किंमत, दुरुस्ती, खोळंबा. बेरीज करा. ज्या ओळीत खोळंब्याचा आकडा किमतीपेक्षा मोठा आलाय, तिथे गोल करा. यंदा जास्त पैसे त्या एकाच वस्तूवर मोजा, बाकी सगळं नेहमीसारखं घ्या. आणि पुढच्या दिवाळीत तेच पान पुन्हा काढून बघा, आकडा किती खाली आला ते.

महाडला जाताना वहीचं पान, टेप आणि मोबाईलमध्ये बीआयएस केअर ॲप एवढं सोबत असू द्या. पाऊस यायच्या आत आगोट भरून घ्या. भेटू पुढच्या व्हिडिओत.